कोटातला टाळकरी

छबुबाईच्या टीव्हीत रोज दुपारी चार वाजता कीर्तन लागायचं, आणि कीर्तनकार महाराजांच्या डाव्या खांद्यामागं एक माणूस उभा असायचा. आता कीर्तनात महाराजांच्या मागं माणसं असतातच. टाळकरी असतात, धोतर-सदऱ्यातले, कपाळाला बुक्का लावलेले. पण या माणसानं कोट घातलेला होता. गळ्यात टाय होता आणि हातात टाळ नव्हते. अंग धुरकट, चुलीवरच्या आधणाच्या वाफेतून पाहावं तसं, आणि कमरेखाली तर काहीच नाही. महाराज चरण आळवत, टाळकरी डुलत, आणि हा आपला मधूनच मान खाली-वर करी, मधूनच आडवी हलवी. छबुबाईला आधी वाटलं, असेल कुणी पुण्या-मुंबईकडचा टाळकरी; तिकडं कोट घालूनही कीर्तनाला उभे राहत असतील.

खरी गोष्ट वेगळी होती. नांदूरघाटातल्या त्या गल्लीत बन्सीची केबल होती. त्याची तार घराघरांतून फिरत फिरत शेवटी छबुबाईकडं यायची, कारण तिचं घर गल्लीच्या टोकाला. दारातल्या कडुलिंबावरून ती तार खाली उतरे. त्याच लिंबावरून पलीकडच्या गावच्या केबलवाल्याची तार वाडीकडं गेलेली. वानरांनी दोन्ही तारा चावल्या, आतलं तांबं उघडं पडलं, आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या. तिकडच्या तारेत कुठल्याशा मुलखाच्या बातम्या चालत. त्या बातम्या देणारा माणूस तिकडून गळून इकडं कीर्तनात येऊन उभा राहिला. त्याचा आवाज तेवढा आला नाही.

बन्सीनं हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "आक्का, वर चढून तार जोडतो, मंग चित्र साफ येतंय," असंही म्हणाला होता. पण तोवर शिवकन्येच्या म्हशीचं प्रकरण घडून गेलं होतं.

शिवकन्या म्हणजे शेजारच्या घरची सून. एका दुपारी कीर्तन बघता बघता ती सहज बोलून गेली, "आमची म्हैस ठिवावी का इकावी, काई उमगंना." तिचं वाक्य संपायला आणि कोटवाल्याची मान हलायला एकच गाठ पडली. शिवकन्येनं मग विचारलं, "ठिवू का?" त्यानं मान खाली घातली, वर केली. म्हैस राहिली. पुढं तिला वगार झाली, दूध वाढलं, आणि गल्लीत बातमी पसरली की छबुबाईच्या टीव्हीतला माणूस कौल देतो.

गावच्या देवीला कौल लावायचा म्हटलं तर किती सायास! गुरव पाहिजे, ओलेत्यानं उभं राहिलं पाहिजे, मूर्तीच्या दोन खांद्यांना दोन कळ्या चिकटवून उजवी पडते की डावी, हे पाय दुखेपर्यंत बघत बसलं पाहिजे. इथं नुसतं चार वाजता येऊन बसायचं. मान खाली गेली की हो, आडवी हलली की नको, आणि त्यानं हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले की आज नाही, उद्या विचारा. सोयरीक जमवावी का, सोयाबीन पेरावं का, नणंदेशी अबोला सोडावा का, सगळं त्याला विचारून होऊ लागलं. तो कुणाचं ऐकून मान हलवत नाही, हे बायकांना कळत नव्हतं असं नाही. पण देवीची कळी तरी कुणाचं ऐकून पडते?

मोहनरावांना मात्र हे लागलं. मोहनराव म्हणजे छबुबाईचे यजमान. एके काळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते, आणि गल्लीतला माणूस त्यांना विचारल्याशिवाय बोअरसुद्धा घेत नसे. आता ओट्यावर ते एकटेच बसत आणि आत त्यांच्याच घरात दुसऱ्याच माणसाला सल्ले विचारले जात.

"ज्याला पाय न्हाईत त्यो तुमाला वाट दाखवायला लागला," ते ओट्यावरून म्हणत.

पण पंचायत समितीची निवडणूक आली तेव्हा हेच मोहनराव आत आले, टोपी नीट केली आणि विचारलं, "आमाला तिकीट भेटंल का?" कोटवाल्यानं कागद सारखे केले. दुसऱ्या दिवशी सारखे केले, तिसऱ्या दिवशीही. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं, आणि तेव्हापासून मोहनराव त्याला थोडे मानू लागले.

या सगळ्यात छबुबाईच्या घरात एक गोष्ट घडली, तिच्याविषयी कुणीच काही बोललं नाही. भामाबाई आत आली.

भामाबाई खालच्या वस्तीतली, बौद्ध. छबुबाई या गावात नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून दोघींची ओळख. मोहनरावांच्या रानात दोघी एका ओळीत खुरपायच्या, बांधावर बसून एकीची भाकरी दुसरीच्या ठेच्याशी खायच्या. एकीला सासू कशी छळते ते दुसरीला पाठ होतं. पण गावात आलं की भामाबाई अंगणापर्यंत आणि छबुबाई उंबऱ्यापर्यंत. सासूबाई होत्या तेव्हा तशी रीतच होती. सासूबाई गेल्या, मोहनराव चार सभांमध्ये समतेवर भाषण करून आले, गावात सगळं सगळ्यांच्या हातचं खाल्लं जाऊ लागलं, तरी या दोघींच्या मधला उंबरा होता तिथंच राहिला. तो आता कुणी धरूनही ठेवला नव्हता, आणि ओलांडायला कुणाला निमित्तही मिळत नव्हतं.

कोटवाला अंगणातून दिसत नसे. खिडकीतूनही नाही. टीव्हीच्या अगदी समोर, खाली बसलं तरच तो दिसायचा. भामाबाईला नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं विचारायचं होतं. अंगणात उभी राहून तिनं मान लांबवली, वाकून पाहिलं, टाचा उंचावल्या.

"तिथनं न्हाई दिसायचा," छबुबाई म्हणाली. "आत ये."

भामाबाई आली. बसताना म्हणाली, "बाई, आमच्यात कौलबिल चालत न्हाई बरं का. देवाला काई इचारायचं न्हाई, अशी आमची शपथच हाय. पर ह्यो काई देव न्हाई. ह्यो टीव्ही हाय. टीव्हीला इचाराया काय हरकत हाय?"

"काईच न्हाई," छबुबाई म्हणाली आणि आत जाऊन रोजच्या कपांतून चहा घेऊन आली. दोघी एकमेकींकडं न बघता, टीव्हीकडं बघत चहा प्याल्या. नातीच्या शिक्षणाला होकार मिळाला. नात लातूरला शिकायला गेली, आणि भामाबाई रोज चार वाजता येऊ लागली. काही विचारायचं असो वा नसो.

अशी वर्षं चालली होती. मग त्या साली, नोटा बंद झाल्या त्याच्या पाठोपाठच, बन्सी गल्लीत सांगत आला की सरकारचा हुकूम निघाला आहे. जुनी केबल बंद. अमुक तारखेनंतर ज्याच्याकडं सेट-टॉप बॉक्सचा डबा असेल त्याच्याच टीव्हीत चित्र, बाकीच्यांना नुसत्या मुंग्या.

"आधी नोटा बंद, आता चित्रं बंद," भामाबाई म्हणाली. बन्सी तिचा सख्खा भाचा, त्यामुळं तिला त्याची भीड नव्हती. "उद्या म्हणशील भाकरी बंद, तिलाबी डबा लावा."

"आत्या, मी न्हाई, सरकार म्हणायलंय. पर डबा लई झ्याक हाय. चित्र कसं आरशावानी. शंभरावर च्यानल. मुंगी न्हाई, सावली न्हाई, काई न्हाई."

"सावली न्हाई?" छबुबाईनं विचारलं.

"एक न्हाई आक्का. त्यो तुमचा कोटवाला तर पार साफ हुतोय."

बन्सीला वाटलं, आपण मोठा गुण सांगितला.

छबुबाईला कीर्तनाचं फारसं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कौलाचंही नव्हतं. तिची भीती निराळीच होती. घरोघरी डबा आला की घरोघरी आरशासारखं चित्र. मग चार वाजता तिच्याकडं कोण कशाला येईल? शिवकन्या भिंतीला भिंत लावून, ती साखर मागायला तरी येईल. पण भामाबाई? तिला काय सांगून बोलवायचं? नुसतं 'ये, बस' म्हणून? ते इतक्या वर्षांत कधी म्हटलंच नव्हतं. आता म्हणायचं तर, आधी का म्हटलं नाहीस, या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं. आणि केबलच काढून टाकली तरी तेच. दोन्हीकडून चार वाजता घर रिकामं.

औरंगाबादहून संजयचा फोन आला. तो त्यांचा मुलगा, तिथं नोकरीला. "आई, काढूनच टाका ती केबल. मी मोबाईल पाठवतो मोठा. त्यात सगळं दिसतं."

"त्यात मागचा माणूस दिसतो का?"

"कोणता माणूस?"

"मागं असतोय त्यो. कोटातला. चार वाजता येतोय बघ."

पलीकडून हळू आवाजात, "आई, जरा नानांना दे फोन."

मोहनरावांनी फोन घेतला. "नाना, आईला चार वाजता माणूस दिसतो म्हणे?"

"हां," मोहनराव म्हणाले. "मलाबी दिसतो. कावून?"

संजय दोघांसाठी डॉक्टर बघू लागला.

इकडं बन्सी हैराण झाला. गल्लीत कुणाच्याही दारात गेला तरी एकच उत्तर, "त्याला इचारून सांगतो." केजच्या बाजारात डिशवाले मांडव टाकून बसले होते. गल्ली तिकडं वळली तर बन्सीचा धंदा संपला असता. "आक्का, तुमीच इचारा एकदाचं. तुमचं घर, तुमचा टीव्ही," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. कीर्तन लागलं, कोटवाला आला. छबुबाईनं पदर सावरून विचारलं, "डबा घ्यावा का?"

मान आडवी हलली.

"म्हंजी केबलच काढून टाकावी का?"

मान आडवी हलली.

"आरं बाबा, मंग करावं काय?"

त्यानं कागद सारखे केले.

"उद्या या," शिवकन्येनं बायकांना सांगितलं. पण उद्याचा कौल नशिबावर सोडणं बन्सीला परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच तो कडुलिंबावर चढून बसला. तार हातात धरायची, खिडकीतून प्रश्न ऐकायचा आणि प्रश्न संपला की तार वर-खाली हलवायची, म्हणजे माणसाची मान वर-खाली होईल, असा त्याचा हिशेब.

छबुबाईनं विचारलं, "डबा घ्यावा का?" आणि कोटवाल्यानं नुसती मान नाही हलवली, तर कमरेपासून आख्खी उडी मारली. वर गेला, टीव्हीच्या बाहेर दिसेनासा झाला, खालून पुन्हा निघाला. बायका किंचाळल्या. मग तो दुभंगला. एकाचे दोन झाले, महाराजांच्या दोन खांद्यांना दोन, आणि एक हो म्हणू लागला, दुसरा नाही.

"आक्का, दोन झाले!" शिवकन्या ओरडली.

"भाऊ असंल," भामाबाई म्हणाली.

"धाकला हो म्हणायलाय, थोरला न्हाई."

"मंग थोरल्याचं ऐका. धाकल्याला काय कळतंय?"

"पर थोरला कोणचा?" छबुबाईनं विचारलं.

एवढ्यात महाराजांच्या डोक्यावरचं पागोटं सरकलं आणि उजव्या कोटवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं.

"ज्याला पागोटं त्यो थोरला," भामाबाईनं निकाल दिला.

बाहेर मोहनराव काठी घेऊन झाडाखाली उभे राहिले होते. "काय करायलास बे वर?"

"तार बघायलोय, काका."

"बघायलास का हालवायलास? तुज्या हालवण्यानं आमच्या घरात भावाभावांत भांडण लागलंय!"

भामाबाई बाहेर आली. "उतर खाली, मुडद्या! आत्याला फशिवतो व्हय?"

बन्सी घाबरला. उतरता उतरता त्याचा पाय तारेत अडकला आणि टेकलेल्या दोन तारा सुटल्या. आत पडद्यावर एकटे महाराज होते. कधी नव्हे ते त्यांच्या दाढीचा केस न केस दिसत होता, कपाळावरचा घाम दिसत होता, मागच्या टाळकऱ्याची अंगठीसुद्धा. त्यांच्या डाव्या खांद्यामागं नुसता निळा पडदा. बायकांनी गळा काढायचंच बाकी ठेवलं.

बन्सीनं खिडकीतून डोकावलं आणि त्याचा चेहरा फुलला. "बघा आक्का, कसं आलंय! इतक्या वर्षांत असं आलं नव्हतं."

"दुरुस्त कावून केलीस?" छबुबाई इतक्या जोरात कधी बोलली नव्हती. "चढ वर. व्हती तशी बिघडव."

बन्सीनं जन्मभर तारा जोडल्या होत्या. बिघाड दुरुस्त करायला त्याला कुणीही बोलावलं असतं, पण बिघाड करायला हे पहिलंच बोलावणं. तो वर चढला, तारा टेकवल्या, काही आलं नाही. ब्लेडनं खरवडल्या, तर महाराजही गेले. पिळल्या, तर महाराज हिरवे झाले.

"वानरानं चावली व्हती ना?" मोहनराव खालून म्हणाले. "मंग चाव."

"काका?"

"चाव बे! वानरानं चावली तशी चाव."

बन्सीनं तार दातांत धरली. झाडाखाली मोहनराव, उंबऱ्यात भामाबाई, आत टीव्हीपुढं शिवकन्या आणि छबुबाई, अशी रांग लागली. "आला का?" झाडावरून आवाज यायचा. "आला का?" मोहनराव विचारायचे. "आला का?" भामाबाई विचारायची. आणि आतून उत्तर बाहेर जायचं, "हात आले! मुंडकं न्हाई!" "मुंडकं न्हाई!" "मुंडकं न्हाई! अजून चाव!"

छबुबाईला एकाएकी हसू फुटलं. गावात पहिला टीव्ही ग्रामपंचायतीच्या खोलीत आला, तेव्हाचे दिवस तिला आठवले. रविवारच्या सिनेमाला सारं गाव पटांगणात, पोरं पुढं, गडीमाणसं मधे, बायका पार मागं अंधारात, आणि छपरावर कुणीतरी अँटेना फिरवतंय. "आलं का?" "आलं, आलं! गेलं! तिथंच धर!" वारा सुटला की सिनेमातली नटी वाकडी व्हायची आणि सारं गाव तिच्याबरोबर मान वाकडी करायचं. तेव्हा चित्र धड कधी दिसलं नाही, पण जे दिसलं ते सगळ्यांनी मिळून झाडावर, छपरावर चढून आणलेलं असायचं.

"आला! पुरा आला!" शिवकन्या ओरडली. कोटवाला पुन्हा महाराजांच्या मागं उभा होता, जरासा वाळल्यासारखा. बन्सी गाल धरून खाली उतरला. त्याची दाढ हलत होती. छबुबाईनं त्याला लवंग दिली.

सरकारनं तारीख पुढं ढकलली, पुन्हा एकदा ढकलली, आणि शेवटी ती आलीच. तेवढ्या दिवसांत गल्ली फुटली. निम्म्यांनी डबा घेतला, काहींनी डिश, काहींनी केबलचा नाद सोडला. छबुबाईच्या घरात काहीच ठरलं नव्हतं. मोहनराव म्हणत काढून टाकू, मग म्हणत बातम्या कुठं बघायच्या?

शेवटच्या दुपारी मोहनरावांनी ठरवलं की माणसाला असं जाऊ देणं बरं नाही. इतकी वर्षं गल्लीला सल्ला दिला, तर टॉवेल-टोपी तरी झाली पाहिजे. कपिलधारच्या जत्रेतून आणलेली नवी टोपी त्यांनी टीव्हीवर ठेवली, नारळ समोर ठेवला, बायकांनी कुंकू लावलं. मग मोहनराव उभे राहिले. फार दिवसांनी त्यांना भाषणाला माणसं मिळाली होती.

"आपण आमच्या गल्लीला अनमोल मार्गदर्शन केलं," ते कोटवाल्याला म्हणाले. "तिकिटाच्या वेळी आपण काई बोलला न्हाईत, पण खोटंबी बोलला न्हाईत. आज असा पुढारी हुडकून सापडत न्हाई."

कोटवाल्यानं मान खाली घातली, वर केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोहनरावांनी टॉवेल झटकून पसरला आणि मोठ्या मानानं टीव्हीला पांघरला. तो पडद्यावरून खाली लोंबला. शिवकन्येनं "काका, तोंड झाकलं की त्याचं!" म्हणून टॉवेल ओढला, तोवर मागं मुंग्याच मुंग्या झाल्या होत्या. खरखर, खरखर. तो गेला कसा, मान हलवून गेला की कागद आवरून गेला, हे कुणीच पाहिलं नाही.

"तुमचा टॉवेल!" छबुबाई मोहनरावांना म्हणाली.

बायका थोडा वेळ मुंग्यांकडं बघत बसल्या. मग एकेक उठली. शिवकन्या उठली. सगळ्यांत शेवटी गुडघ्यावर हात ठेवून भामाबाई उठली. उंबऱ्याबाहेर जाऊन तिनं चपला पायांत सरकवल्या. मागं न बघता म्हणाली, "बरं, येते मंग, बाई."

त्या 'येते'त येण्यासारखं काही नव्हतं. छबुबाईनं ते ओळखलं. तिनं कुणाला विचारलं नाही, मोहनरावांकडं पाहिलं नाही. तोंडातून जे निघालं ते तिनं स्वतःही निघाल्यावरच ऐकलं.

"त्यो डब्यात असंल."

भामाबाई थांबली. "कोण?"

"त्योच. आपल्याकडं नुसती सावली येत व्हती. सावली हाय म्हंजी माणूस कुठं तरी पुरा असंल का न्हाई? डब्यात शंभरावर च्यानल हाईत. एकेक करून हुडकावं लागंल. मला एकलीला कसं उमगंल? डोळे पायजेत चार."

भामाबाईनं विचार केला. चपलेतला एक पाय बाहेर काढला. "पाय असतील का गं त्याला?"

"तेच बघायचं," छबुबाई म्हणाली. मग मोहनरावांकडं वळली. "बन्सीला सांगा, डबा आणून बशीव म्हणावं."

मोहनराव मुंग्यांकडं बघून मग बायकोकडं बघू लागले. "आगं पण ठरवलं कुणी? त्यानं तर नको म्हणलं व्हतं."

"मी ठरवलं."

मोहनरावांनी टीव्हीवरची टोपी उचलली, उगाच झटकली आणि आपल्याच डोक्यावर घातली.

डबा आला. बन्सीनं छबुबाईला रिमोट शिकवला, आणि शोध सुरू झाला. चार वाजता बायका जमत. रोज एक भाषा घ्यायची असं ठरलं. कानडीचा एक दिवस, गुजरातीचा एक, बंगालीचा एक. कोट घातलेला माणूस दिसला की रिमोट थांबे आणि पंचायत भरे. "ह्याला टक्कल हाय." "तवा धुरात दिसलं नसंल." "मान बघा मान. हलवायलाय का?" "ह्यो हलवत न्हाई, ह्यो डोलतोय. ह्यो न्हाई." एकाला सगळ्यांनी जवळजवळ पसंत केलं होतं, पण तो एकाएकी गाणं म्हणू लागला. एक दिवस मोहनरावांनी ओट्यावरून येऊन एकाला ओळखलं, तर तो क्रिकेटवर बोलणारा निघाला. बायकांनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. भामाबाई येताना कधी शेंगा आणी, कधी निवडायची डाळ. डाळ निवडता निवडता रानातल्या जुन्या गोष्टी निघत, सासूबाईंच्या निघत, आणि त्या नादात मधले चार-पाच चॅनेल न बघताच निघून जात. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

उन्हाळा वाढला. आणि वैशाखातल्या एका दुपारी छबुबाईनं बटण दाबलं, तर तो समोर होता.

सावली नाही. वाफ नाही. कोट करडा नव्हताच, चांगला गडद लाल होता. कमरेखाली टेबल होतं. चेहरा सावळा, गोल, आणि भुवया जाड. कुठल्याशा घरंगळत्या भाषेत तो भराभर बोलत होता आणि वाक्य संपलं की मान खाली घालून वर करत होता. इतक्या वर्षांत तिनं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो पातळ निघाला. छबुबाईचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. त्यानं हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले, आणि अगदी सरळ तिच्याकडं पाहिलं.

तिनं बटण दाबलं.

पडद्यावर एक बाई कढईत भजी सोडत होती.

"आक्का!" शिवकन्या ताठ झाली. "मागं घ्या! मागं घ्या! त्यो... त्योच व्हता की!"

छबुबाईचा अंगठा बटणावर तसाच राहिला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"कुठं गं?" भामाबाई म्हणाली. तिनं सुपातून मान वर केली नव्हती. "त्यो लई वाळका व्हता."

"अगं मावशी, कागद आपटले त्यानं!"

"कागद काय, तलाठीबी आपटतोय. त्यो न्हवं ह्यो." तिनं डाळीतला एक खडा उचलला, उन्हाकडं धरून बघितला आणि दाराबाहेर टाकला. मग सूप मांडीवर नीट घेतलं.

"फुडं घे, छबू," ती म्हणाली. "अजून लई भाषा ऱ्हायल्यात."